फोटो उद्या मिळेल

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्याच आठवड्यात एक आई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. हातात ओढणीत गुंडाळलेली एक फ्रेम. तिची मुलगी तीन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होती. फ्रेम टेबलावर ठेवून ती म्हणाली, "टीचर, इनका चेहरा ऐसा लाल कायकू हो गया?"

फ्रेममध्ये तिच्या नवऱ्याचा फोटो होता. तो ट्रकवर ड्रायव्हर होता, आता हयात नाही. फोटो मीच छापून दिला होता, शाळेच्या प्रिंटरवर. तिच्या मोबाइलमधून घेतला, थोडा मोठा केला, चकचकीत कागदावर काढला, तिथल्या तिथे गरम लॅमिनेशनच्या मशीनमधून फिरवला आणि पाच-सात मिनिटांत तिच्या हातात ठेवला. त्या दिवशी तिला बस गाठायची होती आणि मला तास होता. आपण एक चांगलं काम केलं, असं समाधानही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

आता त्या फोटोत शर्टाचा निळा रंग जवळजवळ गेलेला होता. मागचं झाड पिवळट तपकिरी. चेहरा तापल्यासारखा तांबूस. कडेला लॅमिनेशन सुटून आत पांढरट डाग पडलेले. मूळ मोबाइल केव्हाच बिघडून भंगारात गेला होता. म्हणजे त्या घरात त्या माणसाचा एवढाच एक मोठा फोटो उरला होता, आणि तोही आता त्याच्यासारखा दिसत नव्हता.

मी तिला म्हटलं, "भाभी, मशीन का रंग हल्का था." हे अर्धसत्य होतं. मशीनपेक्षा माझ्या घाईचा दोष जास्त होता, आणि माझ्या अज्ञानाचा त्याहून जास्त. बी.एड.ला आम्हाला शैक्षणिक साधनं कशी बनवायची हे शिकवलं होतं. तक्ते, फ्लॅशकार्ड, भित्तीपत्रक. त्यातली शाई किती दिवस टिकते, हे कोणी शिकवलं नव्हतं. आज मात्र प्रत्येक शाळेत इंक टँकचा प्रिंटर आहे आणि आपण त्यावर काहीही छापतो. प्रमाणपत्रं छापतो, ओळखपत्रं छापतो, निरोप समारंभाचे फोटो छापतो, आणि छापलेलं म्हणजे पक्कं असं धरून चालतो.

मग मी शिकायला बसले. विज्ञानाच्या सरांना विचारलं, शहरातल्या एका फोटो लॅबमध्ये जाऊन बसले, आणि मुख्य म्हणजे शाळेच्या प्रिंटरवर स्वतः करून पाहिलं. जे कळलं ते लिहिते, कारण माझ्यासारख्या चुका करणारे शिक्षक आणि झेरॉक्स सेंटरवाले आपल्या भागात खूप आहेत.

पहिली गोष्ट शाईची. इंकजेटची शाई दोन जातींची असते. एक डाय, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारा रंग, साखर चहात विरघळते तसा. दुसरी पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी अतिशय बारीक पूड, पाण्यात तरंगत ठेवलेली, पाण्यात कालवलेल्या चुन्यासारखी. डाय कागदात शिरतो, रंग खुलून दिसतो, पण त्याचा एकेक रेणू उघडा पडलेला असतो. ऊन आणि हवा त्याला लवकर खातात. पिगमेंटच्या कणात असंख्य रेणू एकत्र बसलेले असतात, वरचे गेले तरी आतले राहतात. शाळांमध्ये जे इंक टँक प्रिंटर असतात त्यांतल्या बहुतेकांत रंगीत शाया डायच्या असतात. काहींत काळी शाई तेवढी पिगमेंटची असते.

त्यातही एक गंमत आहे, ती मला लॅबमधल्या मुलाने सांगितली. ज्या प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट आहे, त्यातले पुष्कळ प्रिंटर ती फक्त साध्या कागदासाठी वापरतात. तुम्ही सेटिंगमध्ये चकचकीत फोटो पेपर निवडला की ती काळी शाई बाजूला राहते, कारण चकचकीत थरावर ती नीट बसत नाही, बोटाने पुसली जाते. मग प्रिंटर काळा रंग तीन रंगांच्या डायमधून जमवतो. म्हणजे आपण हौसेने चकचकीत कागदावर जे प्रमाणपत्र छापतो त्यातलं मुलाचं नावसुद्धा उडणाऱ्या शाईत असतं. तेच प्रमाणपत्र जाड साध्या कागदावर छापलं असतं तर दिसायला फिकं दिसलं असतं, पण नाव राहिलं असतं.

दुसरी गोष्ट वाळण्याची. आपण म्हणतो, हात लावला, शाई लागली नाही, म्हणजे वाळली. तसं नसतं. इंकजेटच्या शाईत बहुतेक पाणी असतं, ते मिनिटभरात कागदात जिरतं किंवा उडतं. पण तिच्यात ग्लायकॉलसारखे द्रवही असतात, प्रिंटरची केसापेक्षा बारीक भोकं सुकून बुजू नयेत म्हणून मुद्दाम घातलेले. ते सावकाश उडतात. त्यांना तास लागतात, कधी एक-दोन दिवस. तोवर रंग स्थिरावत असतो. आजचे बरेच फोटो पेपर असे असतात की त्यांच्या थरात बारीक छिद्रं असतात, शाई त्यात क्षणात ओढली जाते आणि वरून कोरडं लागतं. आत मात्र ओल तशीच असते.

असा कागद लगेच काचेमागे घातला तर ती वाफ काचेच्या आतून धुक्यासारखी जमते. लगेच एकावर एक रचला तर वरच्या कागदाच्या पाठीवर खालच्याची सावली उमटते. आणि लगेच लॅमिनेशन केलं तर ओल आत कोंडून राहते, गरम रोलरखाली रंग पसरतो, चिकटलेला थर काही महिन्यांनी सुटतो. मी नेमकं हेच केलं होतं.

हे पडताळून पाहायला मी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो घेतला. त्यात एका मुलीची हिरवी ओढणी, एकीचा मेंदी रंगाचा कुर्ता आणि मागे निळा पडदा आहे. सकाळी अकराला छापला. ताजा फोटो मला गडद आणि थोडा हिरवट वाटला. नेहमीच्या सवयीप्रमाणे मी संगणकावर लाल रंग वाढवला, उजळपणा वाढवला, दुसरी प्रत काढली. ती बघून वाटलं, हां, आता जमलं. दोन्ही प्रती टेबलावर मोकळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दारातल्या उजेडात नेऊन पाहिल्या तर पहिली बरोबर होती. मुलींचे चेहरे मुलींसारखे होते. दुसरीत सगळ्या जणी उन्हातून पळत आल्यासारख्या लालबुंद. म्हणजे इतकी वर्षं मी ओल्या रंगाकडे बघून दुरुस्ती करत होते आणि त्या दुरुस्तीपायी कागद आणि शाई वाया घालवत होते. वर प्रिंटरला नावं ठेवत होते.

आणखी एक: ऑफिसमध्ये पांढरी ट्यूबलाइट आहे, वर्गात खिडकीचा उजेड. तोच फोटो दोन ठिकाणी दोन रंगांचा दिसतो. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद फक्त आलेला प्रकाश परत देतो, त्यामुळे पडद्यावरची झळाळी कागदावर कधीच येत नाही. पालक मोबाइल शेजारी धरून म्हणतात, "इसमें तो अच्छा दिखता." दिसणारच.

तिसरी गोष्ट कागदाची. तोच फोटो मी चार कागदांवर काढला. झेरॉक्सचा 70 जीएसएमचा साधा कागद, जाड बॉण्ड, बाजारात सर्रास मिळणारा 180 जीएसएमचा चकचकीत आणि लॅबमधून मागून आणलेला एक मॅट. साध्या कागदावर शाई धाग्याधाग्याने आत पसरली. निळा पडदा राखाडी झाला, कागदाला पन्हाळीसारख्या लाटा आल्या आणि पाठीमागून चित्र दिसायला लागलं. बॉण्डवर बरं. चकचकीतवर सगळ्यात झगझगीत. मॅटवर शांत, पण बारकावे सगळे. मग मी चकचकीत कागदाची उलटी बाजू मुद्दाम छापून पाहिली, कारण घाईत आमच्या शिपायाकडून असं दोनदा झालं होतं. तिथे लेप नव्हता, म्हणून शाई पसरून चित्र मळकट झालं. प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या महागड्या फोटो पेपरवर ही चूक केली तर शाईचे थेंब दवासारखे वर बसून राहतात, असं लॅबमधला मुलगा म्हणाला.

उर्दूच्या शिक्षिकेला या साध्या कागदाचा एक वेगळाच जाच आहे. आपली लिपी नुक्त्यांवर उभी आहे. बे, पे, ते, से ही चारही अक्षरं एकाच होडीची, फरक फक्त ठिपक्यांचा. जीमच्या पोटात एक ठिपका, चेच्या पोटात तीन. 1981 साली नूरी नस्तालीक आलं आणि 1994 मध्ये इनपेज आलं, तेव्हापासून कातिबाची वाट न पाहता शाळेत बसून उर्दू छापता येऊ लागलं. फार मोठी सोय झाली. पण लहान अक्षरात, पातळ कागदावर, ओल्या शाईत तीन नुक्ते पसरून एकच गोळा होतो. पहिलीतलं मूल तो गोळा बघून चेला जीम वाचतं आणि आपण त्याच्या वहीवर लाल खूण करतो. मराठीतही अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात, पण देवनागरीचा देह ठिपक्यांवर इतका अवलंबून नाही, ती तरून जाते. सराव-पत्रिका काढताना आता मी अक्षर मोठं ठेवते आणि फक्त काळ्या शाईत काढते. रंगीत फुलं-वेली बंद केल्या. मुख्याध्यापकांना ते थोडं रुक्ष वाटतं.

आता चेहरा तांबूसच का झाला? चित्रातला प्रत्येक रंग निळसर सायन, गुलाबी मजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून येतो. यातला एक आधी गेला की उरलेल्या दोघांचं राज्य. डायच्या शायांतला सायन हवेतल्या ओझोनसारख्या वायूंना विशेष कच्चा असतो, आणि छिद्रांच्या कागदात हवा सहज आत जाते. 2000 साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीच्या नव्या फोटो प्रिंटरची अशीच ओरड झाली होती. फोटो अनेक वर्षं टिकतील म्हणून विकले होते, आणि कित्येक घरांत ते काही दिवसांत, काही आठवड्यांत नारिंगी झाले. कारण हेच निघालं, हवेतल्या वायूंनी सायन खाल्ला. आमच्या बाईंच्या घरी फ्रेम दारासमोर, पत्र्याच्या खोलीत, उन्हाच्या तिरिपेत. बीडचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. लॅमिनेशन कडेने सुटलं तिथून हवा आत शिरली, आणि ऊन तर रोजचंच होतं. कंपनीच्या शाईऐवजी बाटलीतली स्वस्त शाई भरलेली असेल तर हे आणखी लवकर होतं. आमच्या प्रिंटरमध्ये त्या वर्षी कोणती होती हे मी विचारलंही नव्हतं.

आपल्याकडे काही घरांत भिंतीवर तसवीर लावत नाहीत. माझ्या सासरीही नाही लावत. फोटो पाकिटात, पाकीट पेटीत. त्यामागचं कारण वेगळं, ते या लेखाचा विषय नाही. पण अंधारात, कोरड्या जागी ठेवल्यामुळे त्या घरांतले फोटो जास्त टिकले आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कागदाचं हे शास्त्र आपल्या भागाला नवं नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी तिथले कागदवाले आपलं नातं सांगतात. कागद बनवणारी ही मुसलमान घराणी, कागजी हेच त्यांचं आडनाव आणि ओळख. पुण्यात, जुन्नरला, नाशिकलाही कागद्यांच्या वस्त्या होत्या. चिंध्या, तागाचे जुने दोर, गोणपाट कुटून लगदा करायचा, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर तो उचलायचा, ओला ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा. इथवर झालेला कागद लिहायला निरुपयोगी असतो, टीपकागदासारखा शाई पितो. म्हणून त्याला खळ लावायची, पुन्हा वाळवायचं, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचं. घोटलेल्या कागदावर कलम घसरत चालतं आणि शाई वरच बसते.

फोटो पेपरवरचा लेप नेमकं हेच काम करतो. खळ आणि घोटाई, फक्त कारखान्यातली. कागज्यांची घाई नव्हती असं नाही, त्यांनाही पोट होतं. पण ओल्या कागदाला खळ लावली तर माल फुकट जातो हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्यावर लिहिणारे काजळ नि डिंक घोटून शाई करायचे. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, तो उन्हाने उडत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर पिगमेंट शाई.

2023 च्या सप्टेंबरनंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकाळच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुनी दप्तरं उघडली गेली. त्यात मोडी होती, उर्दू होती. उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. माझ्याकडेही ओळखीपाळखीतले मराठा शेजारी आजोबा-पणजोबांचे कागद घेऊन आले, "टीचर, हे जरा वाचून द्या." कागद घडीवर फाटलेले, कडा पिठासारख्या भुरभुरणाऱ्या. पण अक्षर जागेवर. एका खरेदीखतावर गावाचं नाव, शिवाराच्या चारी हद्दी, साक्षीदार, सगळं वाचता आलं. त्या कागदावर कोणाच्या तरी नातवाचं शिक्षण, नोकरी अवलंबून होती.

त्याच आठवड्यात शाळेच्या कपाटात मला सहा वर्षांपूर्वीच्या वक्तृत्व स्पर्धेची उरलेली प्रमाणपत्रं सापडली. खिडकीकडच्या बाजूची गुलाबी पडली होती आणि एकावरचं नाव मला अंदाजाने वाचावं लागलं.

आपल्या समाजात 2019 च्या डिसेंबरनंतर कागदांची जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही. लोकांनी दाखले काढले, जन्माच्या नोंदी काढल्या, सगळ्यांचे रंगीत प्रिंट काढले आणि एकेक करून लॅमिनेट केले. कागद जपा, असं प्रत्येक जलशात सांगितलं गेलं. कसा जपा, हे कोणी सांगितलं नाही. लॅमिनेशन एकदा झालं की कागद पुन्हा सुटा होत नाही, त्यावर शिक्का मारता येत नाही, आणि आतली शाई उडायची ती उडतेच. माझं मत स्पष्ट आहे: अस्सल दाखला कधीही लॅमिनेट करू नये. पारदर्शक पिशवीत मोकळा ठेवावा, उन्हापासून लांब. त्याची रोजच्या वापराची प्रत रंगीत नको, काळी-पांढरी झेरॉक्स काढावी, कारण झेरॉक्सची काळी पूड कार्बनचीच असते, ती डायपेक्षा पुष्कळ टिकते. शाळेचं जनरल रजिस्टर अजून हाताने लिहिलं जातं याबद्दल काही तरुण सहकारी कुरकुर करतात. मी करत नाही. प्रवेश-निर्गमचा उतारा मागायला लोक सत्तर वर्षांनी येतात.

शाळांनी प्रिंटर वापरू नये असं मी म्हणत नाही. तक्ता आठ महिने लावायचा आहे, मग फेकायचा आहे, तिथे डायची शाई उत्तम, स्वस्त, सुंदर. पण जे मूल घरी नेणार आहे आणि त्याची आई पेटीत ठेवणार आहे, त्याला वेगळा नियम हवा. आम्ही शाळेत आता तो केला आहे. प्रमाणपत्र जाड मॅट कागदावर, नाव हाताने, पक्क्या काळ्या शाईच्या पेनाने. छापून झालं की पाव-अर्धा तास मोकळं, मग वर साधा कोरा कागद झाकून रात्रभर, कारण तो उरलेली ओल ओढून घेतो. पावसाळ्यात दोन रात्री. बक्षीस समारंभ शुक्रवारी असेल तर छपाई बुधवारी. पहिल्या वर्षी यावर खूप हसले सगळे. शिपाई मामा म्हणाले, "मॅडम, पापड वाळवताय का?"

आणि ज्याची दुसरी प्रत निघणार नाही असा फोटो असेल, तर तो शाळेत छापूच नये. शहरात जाऊन लॅबमध्ये रासायनिक पद्धतीचा प्रिंट काढावा किंवा पिगमेंट शाईचा मागावा. चार पैसे जास्त जातात. माझ्या खिशातून जायला काय हरकत होती त्या वेळी?

त्या बाईंच्या फोटोची फाइल शाळेच्या संगणकात नव्हती, तो मध्ये फॉरमॅट झाला होता. एका जुन्या पेन ड्राइव्हमध्ये, स्नेहसंमेलनाच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये चुकून पडलेली सापडली. सापडली तेव्हा माझे हात थरथरत होते. लॅबमध्ये पिगमेंटचा, मॅट कागदावरचा एक प्रिंट सांगितला. बाई माझ्यासोबत आल्या होत्या, गावाहून पहिल्या बसने. छापून बाहेर आलेला फोटो त्यांनी लांबूनच बघितला आणि ओढणी तोंडाला लावली. मग हात पुढे केला.

"आज नहीं देंगे क्या?"

"नहीं भाभी. कल."

त्या रात्री बीडमध्येच बहिणीकडे राहिल्या. दुसऱ्या दिवशी जोहरनंतर आल्या. फोटो वाळला होता, शर्ट निळा होता. फ्रेम नको म्हणाल्या, पाकीट मागितलं. मग म्हणाल्या, "पीछे नाम लिख दो टीचर, बच्ची के बच्चों को मालूम रहना." मी पेन्सिल घेतली आणि पाठीवर नाव लिहिलं, वर उर्दूत, खाली मराठीत, आणि गावाचं नाव.